९९०० एमएएचचा सेल कुठल्याच कारखान्यात बनत नाही

रात्रपाळीची वीज आली की टॉर्च घेऊन पिकाला पाणी द्यायला जाणारे शेतकरी, ट्रेकला जाणारी मंडळी, घरी पॉवर बँक जोडणारी मुलं, या सगळ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. त्यात १८६५० सेलबद्दल, म्हणजे टॉर्च आणि पॉवर बँकमधल्या पुन्हा चार्ज होणाऱ्या लिथियम-आयन सेलबद्दल, चार सल्ले आहेत. सर्वांत मोठा एमएएच (विजेचा साठा सांगणारा आकडा) असलेला सेल घ्या, ९९०० मिळाला तर उत्तम. कंपनीच्या मागे लागू नका, भंगारातल्या लॅपटॉप बॅटरीचे सेलही तेच काम करतात. सेल पूर्ण संपल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. आणि सेल पेटला तर पाणी अजिबात टाकू नका. दुसऱ्या सल्ल्यात थोडं तथ्य आहे. बाकीचे तीन चूक आहेत आणि पहिला तर घातकच आहे.

आधी तो ९९०० चा आकडा. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाडीचा, ६५ मिलिमीटर लांबीचा गोल सेल. वजन साधारण ४५ ते ४८ ग्रॅम. सॅमसंग ३५ई किंवा एलजी एमजे१ हे या आकारातले भरपूर क्षमतेचे सेल मानले जातात आणि त्यांच्यावर ३५०० लिहिलेलं असतं. ३.६ व्होल्टने गुणलं तर १२.६ वॉट-तास होतात. ९९०० खरं मानलं तर तेवढ्याच डब्यात ३५ वॉट-तासांहून जास्त ऊर्जा मावली पाहिजे, म्हणजे नामवंत कारखान्यांना जमतं त्याच्या जवळजवळ तिप्पट. ज्याला हे जमलं असेल तो टॉर्चचे सेल विकत बसला नसता, गाड्यांच्या कंपन्या त्याच्या दारात उभ्या राहिल्या असत्या. असे सेल मोजले की क्षमता अनेकदा हजाराच्या आसपास भरते. काही फोडून पाहिले तर आत छोटा सेल आणि उरलेल्या जागेत पावडर निघाली आहे. म्हणून सोनाराकडचा किंवा स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा इथे कामाचा आहे. सेल ३०-३५ ग्रॅमचाच भरला तर तो परत करा.

पण खऱ्या कंपनीच्या सेलमध्येही नुसता एमएएच बघून भागत नाही, आणि मेसेजमध्ये याबद्दल चकार शब्द नाही. एमएएच म्हणजे विहिरीत पाणी किती आहे ते. पाइपातून एका वेळी किती पाणी येऊ शकतं, हा वेगळा प्रश्न. सेलसाठी हा दुसरा आकडा अँपिअरमध्ये असतो: न तापता, न बिघडता तो सलग किती करंट देऊ शकतो. क्षमता वाढवली की ही ताकद सहसा कमी होते. सॅमसंगचा ३५ई ३५०० एमएएचचा, पण सलग ८ अँपिअरचाच. त्याच कंपनीचा २५आर २५०० चा, पण २० अँपिअरचा. सोनीने विकसित केलेला आणि आता मुराता बनवते तो व्हीटीसी६ ३००० चा आणि १५ अँपिअरचा. मंद उजेडावर रात्रभर चालवायच्या टॉर्चला ३५ई उत्तम. जास्त करंट ओढणाऱ्या झगझगीत टॉर्चला २५आर किंवा व्हीटीसी६ बरा.

हा फरक न समजल्याची सर्वांत मोठी किंमत ई-सिगारेट वापरणाऱ्यांनी मोजली. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात आणि विक्री बंद आहे, पण परदेशातल्या अनेक यंत्रांत हाच १८६५० असतो. त्यातल्या काहींमध्ये मध्ये कुठलंही सर्किट नसतं, तापणारी तार थेट सेलला जोडलेली असते. तारेचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, ०.१५ ओहम आणि सेल ४.२ व्होल्टला भरलेला असेल, तर व्होल्टला रोधाने भागा, भागाकार सरळ आहे: २८ अँपिअर. ८ अँपिअरच्या सेलकडून २८ ओढले तर काय होणार, हे सांगायला नको. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातल्या आगीच्या आणि स्फोटांच्या १९५ घटना नोंदवल्या आहेत. त्यातल्या अनेक खिशात घडल्या.

खिशात का? १८६५० चं पूर्ण पत्र्याचं अंग ऋण टोक असतं, फक्त वरचं बटण धन. दोघांमध्ये एक पातळ प्लास्टिक आवरण आणि एक कागदी चकती, बस. आवरण वरच्या कडेला फाटलेलं असेल आणि खिशात किल्ली किंवा सुटे पैसे असतील तर शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. जादा सेल प्लास्टिकच्या डबीतच न्यावा. फाटलेलं आवरण बदलायला काही रुपये लागतात, ते बदलल्याशिवाय सेल वापरू नये.

आता भंगारातले सेल. लॅपटॉपमध्ये बहुधा नामवंत कंपनीचेच सेल असतात, हे खरं. पण ते वर्षानुवर्षं वापरून झिजलेले असतात आणि मुळात मोठ्या करंटसाठी बनवलेले नसतात. चांगल्या सेलचा अंतर्गत रोध ३० मिलिओहमच्या आसपास असतो. तो वाढून १५० झाला असेल तर ५ अँपिअरला पाऊण वॉटऐवजी पावणेचार वॉट उष्णता सेलच्या आतच तयार होते. रोध मोजणारा चार्जर असेल, तर असे सेल निवडून हलक्या कामाला जरूर वापरा. पण जो २ व्होल्टच्या खाली गेलेला सापडेल, त्याला पुन्हा जिवंत करू नका.

तिसरा सल्ला याच कारणाने चूक आहे. पूर्ण संपवून चार्ज करायचा, हा नियम जुन्या निकेल-कॅडमियम सेलांचा. लिथियम-आयनमध्ये व्होल्टेज फार खाली गेलं की आतल्या तांब्याच्या पातळ पत्र्यातलं तांबं विरघळतं आणि पुढच्या चार्जिंगला भलत्याच जागी साचून आतल्या आत शॉर्ट करू शकतं. उजेड मंद झाला की चार्जिंगला लावा. महिनोन् महिने ठेवून द्यायचा असेल तर अर्धा भरून, पत्र्याच्या छपराच्या उकाड्यापासून दूर ठेवा.

विकत घेताना बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा, तो बीआयएस केअर अॅपवर तपासता येतो. नुसता ‘मोठा अँपिअर’ छापलेला असेल तर तो सलगचा आहे की क्षणभराचा, हे मूळ कंपनीच्या माहितीपत्रकात बघून घ्या.

राहिला पाण्याचा चौथा सल्ला. या सेलात लिथियम पाण्याने भडकणाऱ्या धातूच्या गोळ्यासारखं पडून नसतं, ते संयुगांत मुरलेलं असतं. आणि एक सेल पेटला की खरा धोका शेजारचा सेल तापण्याचा असतो, तो थांबवायला भरपूर पाणी लागतं. चार्जर भिंतीला लावलेला असेल तर आधी मेन स्विच बंद करा. धूर विषारी असतो, त्यात तोंड घालू नका. विझल्यासारखा दिसला तरी तो सेल पुन्हा पेटू शकतो, म्हणून पूर्ण थंड झाल्यावर त्याला उघड्यावर, कडब्यापासून आणि गोठ्यापासून लांब ठेवा.