द्राक्षं, घसारा आणि अकरा दिवस: एका प्रतिक्रियेला उत्तर

नाशिकच्या बाईला द्राक्षांवरून टोमणा मारलात, म्हणजे कमालच केलीत. उत्तराला उशीर झाला तो त्यामुळेच. आधी राग ओसरू दिला, मग तुमची प्रतिक्रिया पुन्हा वाचली, आणि निम्मी पटली. राहिलेल्या निम्म्यासाठी हे लांबलचक उत्तर.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: झुरिकजवळ राहायला आल्यावर, वयाच्या ३९ व्या वर्षी मी स्कीइंग शिकले आणि मला ते आवडलं नाही, असं मी मागच्या महिन्यात लिहिलं होतं. त्यावर साताऱ्याच्या या वाचकांनी मला तीन गोष्टी सुनावल्या. एक, पाच दिवसांच्या क्लासवर निकाल देणं हा उथळपणा आहे, आणि सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला तर तो अजिबात शोभत नाही. दोन, ‘आवडलं नाही’ हे ‘जमलं नाही’चं सभ्य नाव आहे, कोल्ह्याला द्राक्षं आंबट. तीन, काश्मीरची पोरं तुटपुंज्या साधनांवर शिकतात, आरिफ खान ऑलिंपिकपर्यंत पोचतो, आणि तुमच्या दारात आल्प्स असून तुम्ही रडगाणं गाता. शेवटी, एवढं झापून झाल्यावर, तुमचा भाचा जानेवारीत गुलमर्गला पहिल्यांदा स्की करायला चाललाय, त्याने काय काळजी घ्यावी, हेही विचारलंत. हे मला फार आवडलं. आपल्याकडे भांडण आणि चौकशी एकाच पत्रात मावते.

पाच दिवसांचं आधी. ही चूक माझी. लेखात मी फक्त पहिल्या हिवाळ्यातल्या क्लासबद्दल लिहिलं, कारण गमतीजमती त्यातच होत्या. प्रत्यक्षात मी दोन हिवाळ्यांत मिळून ११ दिवस उतारावर होते, बहुतेक फ्लुम्सरबर्गला. झुरिकहून तासाभराची रेल्वे, वालेनझे तळ्याच्या काठचं उंटरटेर्त्सन स्टेशन, तिथून रोपवेच्या पाळण्यात बसायचं की वर. अकराव्या दिवशी मी एक निळा उतार वरच्या टोकापासून खालच्या कॅफेपर्यंत एकदाही न पडता उतरले. निळा म्हणजे सोपा, लाल मधला, काळा अवघड. निळ्याचा उतार साधारण २५ टक्क्यांपर्यंत असतो, म्हणजे दर चार मीटरला एक मीटर खाली. कागदावर जेमतेम १४ अंश. एवढ्या उतारावर आपण गप्पा मारत चालतो. पण पायाला दीड-दीड मीटरच्या गुळगुळीत पट्ट्या बांधा आणि मग बघा १४ अंश कसे दिसतात ते.

तेव्हा द्राक्षं मी खाल्ली आहेत. आंबट नव्हती.

आता सह्याद्री. तुम्ही म्हणता, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेल्या बाईने बर्फाला काय घाबरायचं. उलट मला वाटतं, माझी गोची तिथेच झाली. तुम्ही घाटवाटा उतरला असाल, म्हणजे घसारा तुम्हाला सांगायला नको. बारीक मुरूम, सुकलेलं गवत, पायाखालून दगड निसटतोय. अशा वेळी शरीर काय करतं? वजन मागे, डोंगराकडे. गुडघे वाकवून टाच रोवायची, एक हात कातळाला किंवा कारवीला, आणि अगदीच वाटलं तर लाज न बाळगता बूड टेकायचं. कॉलेजपासून पंधरा वर्षं मी हेच केलं. आमच्या ग्रुपमधल्या एका दादाचं वाक्य होतं, डोंगराला सोडू नको, तो तुला सोडणार नाही.

स्कीवर नेमकं हेच केलं की माणूस आपटतो. वजन मागे गेलं की स्कीची पुढची टोकं हलकी होतात, आणि वळायचं असतं ते त्या टोकांच्या जोरावर. मग पट्ट्या सरळ दरीच्या दिशेने सुटतात आणि तुम्ही त्यांच्यामागे खुर्चीत बसल्यासारखे फरफटत जाता. मांड्या पेटतात, वेग वाढतो, घाबरून माणूस आणखी मागे झुकतो, आणि खेळ खलास. उपाय काय, तर नडगी बुटाच्या जिभेवर दाबून पुढे झुकायचं. ज्या पोकळीत पडायची भीती आहे तिच्याकडेच छाती न्यायची. वळताना वजन बाहेरच्या, म्हणजे वळण पुरं होताना दरीकडे येणाऱ्या स्कीवर टाकायचं. जर्मनमध्ये तिला ‘टालस्की’ म्हणतात. टाल म्हणजे दरी. माझा बावीस वर्षांचा शिक्षक दिवसभर ‘टालस्की! टालस्की!’ ओरडायचा आणि मला उगाच दिंडीतले टाळ आठवायचे. चूक डोक्याला पाचव्या मिनिटाला कळली होती. पायांना अकरा दिवसांतही पुरती पटली नाही. ज्या सवयीने मला पंधरा वर्षं धडधाकट घरी आणलं, ती सोड असं मी माझ्या पायांना सांगत होते. त्यांनी ऐकलं नाही याचा मला राग नाही, थोडा अभिमानच आहे.

(वेग कमी करायला पट्ट्यांची टोकं जवळ आणून मागून फाकवायच्या असतात, त्याला इथे ‘प्फ्लूग’ म्हणतात. शब्दशः नांगर. निफाडकडे आमच्या आजोबांनी जन्मभर नांगर धरला. त्यांच्या नातीने पैसे भरून स्वतःचाच नांगर करून घेतला. त्यांना निदान बैल तरी होते.)

दुसरा मुद्दा, ‘जमलं नाही’चा, म्हणजे खरं तर भीतीचा. तिथे तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. मूळ लेखात मी भीती आणि नावड यांची भेळ केली होती. पहिल्या हिवाळ्यात भीतीच होती, हे कबूल. ट्रेकर ज्याला दृष्टीभय म्हणतात, खोल खाली बघून वाटणारी, त्यातलीच, पण तिला एक नवी शेपटी होती: मागून येणाऱ्यांची. नियम साफ आहे, मागून येणाऱ्याने पुढच्याला सांभाळून वाट निवडायची. पण मागून सुसाट येणाऱ्या चौदा वर्षांच्या पोराने तो नियम वाचलाय की नाही, हे पाठीला कसं कळणार? वर चढवणाऱ्या बुगेललिफ्टचीही धास्ती होती. उलट्या टी-सारखा एक दांडा दोघांच्या बुडाखाली येतो. त्यावर बसायचं नसतं, नुसतं टेकायचं, तो ढकलतो. मी बसले. सोबतच्या अनोळखी आजोबांना घेऊन पडले. त्या गृहस्थांनी उठून मलाच ‘सॉरी’ म्हटलं.

दुसऱ्या हिवाळ्यात मात्र भीती गेली. गाजावाजा न करता गेली, सर्दी जाते तशी. आणि मी खरी वाट बघत होते ती यापुढची: भीती गेली, आता मजा येईल. फेब्रुवारीतली एक दुपार होती, तीनच्या सुमाराची. समोर तळ्यापलीकडे खुर्फिर्स्टनचे सुळके, अगदी दातांची रांग असावी तसे, उन्हात लख्ख. बर्फ मऊ झाला होता. मी एकामागून एक तीन फेऱ्या न पडता मारल्या. खाली थांबले आणि अक्षरशः तपासून पाहिलं, काही होतंय का आत. जे होतं त्याला एकच नाव: झालं एकदाचं. टॅक्सचा फॉर्म भरून झाल्यावर वाटतं तेवढंच. शेजारी माझी आठ वर्षांची लेक हेल्मेटच्या आत गाणं म्हणत होती आणि ‘आई, परत?’ विचारत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखते. नळीच्या वाटेने घामेघूम होऊन वर आल्यावर, कोकणकड्याच्या कडेला पालथं पडून खाली बघताना ते माझ्या चेहऱ्यावर होतं. फोटो आहे.

मला वाटतं, माझा आनंद चढण्यात आहे. उतरणं हे आमच्यासाठी घरी जायचं काम. इथे चढ पाळणा करतो, आठ मिनिटांत, आणि माणसाच्या वाट्याला नुसतं उतरणंच येतं, तेही दिवसाला पंधरा वेळा. जेवणाआधी पंधरा वेळा हात धुवायला लावल्यासारखं. स्कीच्या तळाला पट्टे चिकटवून स्वतःच्या पायांनी डोंगर चढणारे लोक इथेही आहेत, ते कुणी सुचवण्याआधीच सांगते. पण माथ्यावर पट्टे काढून शेवटी उतरायचं स्कीवरूनच, तेही ना आखलेला ना दाबलेला बर्फ.

आणि वयाचं कारणही मी पुढे करणार नाही, जरी लेखात केलं होतं. ऑफिसातला एक तमिळ सहकारी ४५ व्या वर्षी पहिल्यांदा स्कीवर उभा राहिला. आज तो डिसेंबर ते मार्च एकही शनिवार घरी नसतो. त्याने त्याआधी डोंगर पाहिलाच नव्हता, त्यामुळे विसरायला काही नव्हतं, हा माझा तर्क. त्याचा तर्क असा की मी फार विचार करते.

तिसरा मुद्दा, आरिफ खानचा. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला भारताचा तो एकमेव खेळाडू होता, आणि जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे रोवलेल्या खांबांमधून वळत उतरायच्या शर्यतीत, ४५ वा आला. बर्फाची इतकी कमी साधनं असलेल्या देशातून जाऊन तिथे शर्यत पुरी करणं केवढं मोठं आहे, हे मला अकरा दिवसांनंतर जास्त कळतं. पण तो चौथ्या वर्षापासून स्कीवर आहे, वडिलांचं गुलमर्गला स्कीचं दुकान. घसारा शिकायच्या आधी बर्फ शिकलेला मुलगा. त्याचं उदाहरण मला लाज वाटावी म्हणून देऊ नका, त्याच्यावर अन्याय होतो. आपल्यातल्या कुणाला भरतनाट्यम आवडलं नाही तर आपण त्याच्या तोंडावर थोर नर्तकींची नावं फेकतो का?

रडगाण्याचं मान्य. मनालीला तासाभराचा बर्फ बघायला लोक रात्रभर बसमध्ये बसतात, आणि मी खिडकीतून दिसणाऱ्या बर्फाबद्दल कुरकुरते, हे वाचायला कसं वाटत असेल ते माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

एक दुरुस्ती मात्र तुम्ही न मागता करते. अंगठ्याची नखं काळीनिळी झाली, त्याचं खापर मी स्कीइंगवर फोडलं होतं. ती माझी करणी. बूट आवळतात म्हणून मी दुकानातून हट्टाने एक माप मोठे मागून घेतले, वर दोन जोड मोजे. पाय आत पुढेमागे सरकत राहिला आणि नखं भिंतीवर आपटत राहिली. शिवाय त्याच दुकानात नवऱ्यासमोर वजन विचारलं तेव्हा मी सहा किलो कमी सांगितलं. बूट स्कीला पकडणारी बाइंडिंग किती जोर आल्यावर सुटावी, हे तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कसब यांवरून ठरवतात. माझी पहिल्याच दिवशी दोनदा उगाचच सुटली. सहा किलोंचा हात असेलच असं नाही, पण नवऱ्याला ते अजून सांगितलेलं नाही. आता वाचेल.

तर भाचा. मी गुलमर्गला स्की केलेलं नाही, लहानपणी उन्हाळ्यात तट्टावर बसले तेवढीच, त्यामुळे ऐकीव सल्ला देत नाही, फक्त जे पक्कं ठाऊक आहे ते. गाव २,६५० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या हजार मीटर वर. पहिला दिवस त्याने नुसतं हिंडावं, भरपूर पाणी प्यावं. गोंडोलाचे, म्हणजे तिथल्या रोपवेचे, दोन टप्पे आहेत. दुसरा अफरवाट शिखराच्या अंगावर ३,९०० मीटरच्या वर नेतो. ते मित्रांबरोबर फोटोला ठीक, स्की घेऊन पहिल्या वर्षी अजिबात नाही. तिथला बर्फ दाबून सपाट केलेला नसतो आणि हिमकडे सुटतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे दोन पोलिश स्कीअर गेले. शिकायचे उतार खाली गावातल्या मैदानातच आहेत. जानेवारीची तिकिटं बदलता येतील अशी काढा, कारण २०२४ चा जानेवारी तिथे जवळजवळ कोरडा गेला होता आणि लोक गवत बघून परतले. प्रवासाच्या विम्यात हिवाळी खेळ धरलेत का ते वाचून घ्या, बहुधा वेगळे पैसे भरावे लागतात. जीन्स नको, ओली होते आणि वाळत नाही. हेल्मेट भाड्याने का होईना, पण घ्यावंच. ढगाळ दिवशीही गॉगल आणि सनस्क्रीन. पडला तर काठीचा पट्टा अंगठ्यात अडकणार नाही असं बघायला सांगा, अंगठ्याचा सांधा तसाच जातो.

आणि बूट. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की किंचित मागे यावीत. घट्ट वाटले तर तेच बरोबर आहेत. मोजे एकच जोड, पातळ, गुडघ्यापर्यंतचे. वजन खरं सांगायचं.

त्याला आवडलं तर मला जरूर कळवा. नाही आवडलं तर त्याला थेट माझ्याकडे पाठवा, तुमच्याकडे नको.