उठाबशांनी मेंदू तल्लख होत नाही: ‘शिस्तीचे सहा मंत्र’ या फॉरवर्डला उत्तर

‘छडी गेली आणि शिस्त गेली’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या शिक्षकांच्या आणि पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. खाली प्राथमिकच्या वर्गासाठी सहा ‘मंत्र’ दिलेत. माझ्या भाचीकडे यंदा पहिल्यांदाच दुसरीचा वर्ग आलाय आणि तिला हा मेसेज एका ज्येष्ठ सहकाऱ्याने ‘पाठ करून ठेव’ म्हणून पाठवला. नव्या शिक्षिकेच्या हातात सुरुवातीलाच असलं काही पडू नये, म्हणून हे उत्तर.

मेसेज थोडक्यात असा: तीस वर्षांपूर्वी छडी गेली म्हणून मुलं बिघडली. कान धरून उठाबशा ही शिक्षा नव्हे, मेंदूचा योग आहे. एकाने खोडी केली तर अख्ख्या वर्गाला शिक्षा करा. दंगेखोराला बाहेर उभं करा आणि त्याचा खेळाचा तास काढून घ्या. पहिला महिना वर्गात हसू नका. आणि पालकांकडून संमतिपत्र घेतलं की कायद्याची भीती नाही.

आधी उठाबशा, कारण सगळ्यात घातक मुद्दा हाच आहे आणि तो विज्ञानाचा वेष घालून आलाय. म्हणे कानाच्या पाळीवर मेंदूचे बिंदू असतात. उजव्या हाताने डावा आणि डाव्या हाताने उजवा कान धरून खाली-वर केलं की मेंदूच्या दोन्ही बाजू जाग्या होतात. कानाच्या पाळीत कातडी, चरबी, बारीक रक्तवाहिन्या आणि स्पर्श कळवणाऱ्या नसा असतात. ती दाबल्याने गणित सुधारतं किंवा लक्ष टिकतं याला भरवशाचा पुरावा नाही. मेंदूच्या दोन बाजूही कुणी जागं करायची वाट बघत नसतात, त्या सतत एकमेकींशी जोडूनच काम करतात.

यात अर्धं खरं एवढंच की हालचालीने मुलांचं लक्ष परत येतं. पहिली-दुसरीतली मुलं पंधरा-वीस मिनिटं बसून लिहीत असतील तर मध्ये दोन-तीन मिनिटं उभं राहून हातपाय मोकळे केल्यावर पुढचं काम बरं होतं. पण मग ते सगळ्या वर्गाने करायचं, शिक्षकासकट. चुकलेल्या एकट्याला चाळीस जणांसमोर उभं करून, मोजून उठाबशा काढायला लावल्या तर तो व्यायाम राहत नाही. त्या मुलाला त्यातून लाज शिकायला मिळते, आणि बाकीच्या मुलांना आज हसायला कोण मिळालं ते कळतं.

शरीराचं काय होतं तेही मेसेज पाठवणाऱ्यांनी वाचावं. सवय नसलेल्या मांड्यांवर एकदम पन्नास-शंभर उठाबशांचा भार पडला की स्नायूंच्या पेशी फुटू शकतात. त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांना इजा करू शकतं. डॉक्टर याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. प्रत्येक मुलाला होईल असं नाही, पण उन्हात, पाणी न पिता, अंगात कणकण असताना किंवा नुकतंच आजारातून उठलेल्या मुलाला धोका वाढतो. हे त्याच दिवशी दिसेल असंही नाही. एक ते तीन दिवसांत मांड्या सुजतात, घट्ट होतात, जिना उतरवत नाही, आणि लघवी काळ्या चहासारख्या रंगाची होते. असा रंग दिसला तर शेक आणि मालिश करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या आणि उठाबशा काढल्याचं स्पष्ट सांगा. मूल भीतीने घरी बोलत नाही, पालकांना वाटतं खेळून पाय दुखले, आणि रक्ताची तपासणी राहून जाते. कोणाला दमा आहे, कोणाच्या हृदयात दोष आहे, हे शिक्षा फर्मावणाऱ्याला माहीत असेलच असंही नाही.

आता ‘छडी गेली’. ती गेली कधी? राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २००९-१० मध्ये सात राज्यांतल्या ६,६३२ मुलांना विचारलं. शाळेत कसलीच शिक्षा झाली नाही असं सांगणारी मुलं निघाली फक्त ९. बाकी ९९.८६ टक्के मुलांनी काही ना काही सोसलेलं होतं. सुमारे तीन-चतुर्थांश मुलांनी छडी खाल्ल्याचं सांगितलं आणि ८१ टक्क्यांना ‘तुला काही जमणार नाही’ अशा अर्थाचं ऐकवलं गेलं होतं. मेसेजच्या हिशेबाने तोवर छडी जाऊन पंधरा वर्षं उलटली होती. तेव्हाची मुलं बिघडली असतील तर ती छडी खाऊन बिघडली, छडीवाचून नव्हे.

छडी उगारली की वर्ग गप्प होतो, हे मान्य. म्हणूनच तिचा मोह पडतो. पण त्या वेळी मुलांचं लक्ष शिक्षकाच्या हातावर असतं, फळ्यावर नसतं. शिक्षक ऑफिसात गेले की पाचव्या मिनिटाला दुप्पट गोंगाट होतो, कारण मुलं नियम शिकलेलीच नसतात, पहारा कधी आहे आणि कधी नाही एवढंच शिकलेली असतात.

दंगेखोराला बाहेर उभं करण्याचा सल्ला वरवर सौम्य वाटतो, पण वर्ग चालवायच्या दृष्टीने तो सगळ्यात उलटा पडतो. तिसरीतलं एक मूल बघा. शुद्धलेखनाचा तास सुरू झाला की त्याची पेन्सिल पडते, ती शोधायला ते बाकाखाली शिरतं, वर येताना शेजारच्याला चिमटा काढतं. बाई त्याला बाहेर काढतात. त्याचं शुद्धलेखन टळलं. दुसऱ्या दिवशी चिमटा पाच मिनिटं आधी निघतो. ज्याला शिक्षा समजलं जातंय, तेच त्याला हवं होतं.

अशा मुलासाठी वहीच्या पानावर तीन रकाने आखा: आधी काय चाललं होतं, मुलाने काय केलं, त्यातून त्याला काय मिळालं. ‘उद्धट’, ‘आगाऊ’ असले शब्द लिहू नका, दिसलं तेवढंच लिहा. शाळेचे पाच दिवस नोंदी केल्या की बहुतेक वेळा एकच तास किंवा एकच प्रकारचं काम पुन्हा पुन्हा दिसतं. लिहिण्याच्याच वेळी होत असेल तर दहाऐवजी तीन ओळी द्या, पहिली ओळ त्याच्याजवळ बसून सुरू करून द्या आणि तीन झाल्या की वही बघायला परत या. फळ्यावरून उतरवताना अक्षरं गाळत असेल तर डोळे तपासायला सांगा. हाक मारल्यावर ओ देत नसेल, विशेषतः वारंवार सर्दी होत असेल, तर कान तपासून घ्या. लहान मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचून कमी ऐकू येणं अजिबात दुर्मीळ नाही, आणि वर्गात ते मूल ‘ऐकतच नाही’ म्हणून बोलणी खात राहतं.

आणि खोडी चालू असताना? लांबून नाव घेऊन ओरडू नका, त्याने तीस जणांच्या माना तिकडे वळतात आणि त्या मुलाला प्रेक्षक मिळतात. शिकवणं न थांबवता त्याच्या बाकाजवळ जा. डोळ्यांच्या पातळीला वाका. हळू आवाजात पुढचं काम सांगा: ‘वही उघड, तारीख टाक.’ मग लगेच पाठ फिरवून दुसऱ्या बाकाकडे जा आणि त्याला दहाएक सेकंद द्या. इथेच बहुतेकांचं चुकतं. सांगून झाल्यावर समोर उभं राहून बघत राहिलं की मुलाला माघार घेणं म्हणजे हरणं वाटतं. त्याने वही उघडली की ‘तारीख टाकलीस, चल पहिली ओळ’ एवढं म्हणा. नुसत्या ‘शाब्बास’ने नेमकं काय बरोबर केलं ते त्याला कळत नाही. मारामारी चालू असेल किंवा कोणाला लागेल अशी स्थिती असेल तर अर्थात आधी मुलांना वेगळं करा. कारणं दोघं शांत झाल्यावर, वेगवेगळं बसवून विचारा.

खेळाचा तास काढून घेण्याबद्दल एकच वाक्य पुरे: ज्या मुलाला एका जागी बसवत नाही, त्याचाच पळायचा वेळ काढून घेतला तर पुढचा तास आणखी अवघड जाणार.

सगळ्या वर्गाला शिक्षा हा निव्वळ अन्याय आहे. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांना कळतं की नीट वागून उपयोग नाही, आणि मधल्या सुट्टीत त्या एकाला मार पडतो.

‘पहिला महिना हसू नका’ यातही एक दाणा खरा आहे, तो नाइलाजाने मान्य करते. पहिले दोन-तीन आठवडे नियमांत ढिलाई नको. पण ठाम राहायला चेहरा आंबट करावा लागत नाही. त्या दिवसांत रोजच्या गोष्टी कवितेसारख्या शिकवून, सरावाने पक्क्या करायच्या असतात: आत येऊन दप्तर कुठे ठेवायचं, वह्या रांगेने पुढे कशा द्यायच्या, काम लवकर संपलं तर काय करायचं, शौचाला जायची परवानगी कशी मागायची. गोंगाट बहुतेक वेळा याच सांध्यांमध्ये होतो. शांततेची एकच खूण ठरवा, हात वर किंवा तीन टाळ्या. ती पहिल्या आठवड्यात रोज चार-पाच वेळा करून घ्या आणि शेवटचं मूल थांबेपर्यंत बोलायला सुरुवात करू नका. चार मुलं बोलत असताना सूचना दिली की बोलत राहिलं तरी चालतं हे अख्खा वर्ग शिकतो. सूचनाही एका वेळी एक. ‘वही काढा, समास आखा, तारीख टाका, पान बारा उघडा’ असं सलग सांगितलं की निम्मी मुलं दुसऱ्या सूचनेनंतर शेजाऱ्याला विचारू लागतात, आणि मग ओरडा त्यांनाच बसतो.

पन्नास-साठ मुलांच्या वर्गात हे सगळं एकट्याने करणं कठीण आहे, ही शिक्षकांची तक्रार खरी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्राथमिकला ६० मुलांमागे दोन शिक्षक सांगितलेत. भांडायचं तर त्या दुसऱ्या शिक्षकासाठी भांडावं.

राहिलं संमतिपत्र. त्याच कायद्याचं, म्हणजे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं, कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करतं आणि मोडणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई सांगतं. १ एप्रिल २०१० पासून ते लागू आहे. पालकांनी लिहून दिलं तर चालेल, अशी सवलत त्या कलमात नाही. असा कागद समोर आला तर पालकांनी सही करू नये. कागदाचा फोटो काढून शाळा व्यवस्थापन समितीला लेखी कळवावं, पोच घ्यावी, आणि तिथे दाद लागली नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अर्ज करावा.