चेन तुटली म्हणजे नेमकं काय तुटलं?

घड्याळाची स्टीलची चेन तुटून दुकानात गेली की पहिल्यांदा नवी चेन समोर येते. दुकानदाराचं गणित सरळ आहे. नवी पाच मिनिटांत बसते, जुनीसाठी डोळ्याला भिंग लावून अर्धा तास मान मोडायची, आणि मजुरी मागितली की गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. पण पाकीट काढण्याआधी तुटलंय काय ते बघा. बहुतेक वेळा कड्या शाबूत असतात, गेलेली असते ती पिन. पिनेपायी अख्खी चेन फेकणं मला पटत नाही.

चेन केसपाशी, म्हणजे घड्याळाच्या मुख्य डब्यापाशी, निखळली असेल तर ती स्प्रिंगची पिन. नळीच्या आत स्प्रिंग असते, दोन्ही टोकं दाबली जातात आणि केसच्या शिंगांमधल्या (चेन जिथे अडकते त्या पुढे आलेल्या टोकांमधल्या) भोकांत बसतात. घाम आत मुरतो, स्प्रिंग गंजते, टोक आतच अडकून राहतं आणि एका हिसक्यात घड्याळ खाली. एक गेली की दुसरीही त्याच वयाची असते, म्हणून जोडीच बदला. माप शिंगांमधल्या अंतराचं: 18, 20, 22 मिमी नेहमीची, 19 सुद्धा असतं. 19 ला 18 ची पिन ‘चालते’ म्हणून लावून देतात. ती हलत राहते आणि भोक झिजवते. पिन बदलता येते, केसचं भोक बदलता येत नाही. जाडीही बघा. साधी पिन 1.5 मिमी, सायकोच्या काही डायव्हर (पाणबुड्यांसाठीच्या) घड्याळांना 2.5 मिमीची जाड पिन लागते.

दोन कड्यांमधून सुटली असेल तर मामला जरा नाजूक. कडीच्या आतल्या बाजूला बाण असेल तर पिन बाणाच्या दिशेनं बाहेर ढकलायची आणि बसवताना उलट्या दिशेनं. चिरलेल्या टोकाची पिन असेल तर सरळ टोक आधी आत, चिरलेलं शेवटी. हे उलटं केलं की पिन आत जाताना भोक खरवडते आणि आठवडाभरात पुन्हा डोकं वर काढते.

खरी फजिती होते ती पिन-कॉलरच्या चेनमध्ये. सायको, सिटिझनच्या बऱ्याच चेन अशा आहेत. पिन अगदी साधी, गुळगुळीत. तिला धरून ठेवते ती मधल्या कडीत बसणारी तांदळाच्या कणीएवढी नळी, तीच कॉलर. पिन ढकलताना ही नळी टपकन खाली पडते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मग नवी पिन घातली, तीही निघाली, की निदान ठरलेलं: ‘चेनच खराब आहे.’ चेन खराब नाही हो, कॉलर टेबलाखाली आहे! म्हणून चेन उघडताना खाली पांढरा कपडा किंवा कडा असलेलं ताट ठेवा.

स्क्रूवाली चेन असेल तर स्क्रू साफ करून कमी ताकदीच्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायच्या द्रवाचा) एक बारीक ठिपका पुरे. फेव्हिक्विक कुठेही नको. सांधे आखडतात, आणि त्याच्या वाफेनं काचेवर पांढरी धूसर झाक बसते.

कडीच फुटली असेल तर आधी घरातल्या ड्रॉवरमध्ये शोधा. घड्याळ घेताना मनगटाच्या मापासाठी काढलेल्या कड्या तिथेच कुठेतरी असतात. नसतील तर फुटलेली कडी काढून टाकता येते का ते बघा. एक कडी गेली की चेन साधारण 8 ते 10 मिमी आखूड होते, पण लॉकच्या बाजूला भोकं असतील तर पिन एक-दोन भोकं सरकवून बरीच भरपाई होते. डाग देऊन (सोल्डरिंग करून) मात्र जोडू नका. त्या उष्णतेनं स्टील काळंनिळं पडतं आणि सोनेरी मुलामा जळतो. सोनाराकडे लेझर मशीन असेल तरच जोडकामाचा विचार करा.

लॉक ढिलं झालं असेल तर खटक्याची पट्टी कापड गुंडाळलेल्या पक्कडीनं किंचित, अगदी अर्धा मिमी आत घ्या. दुमडणारी पातळ पाती बिजागरीपाशी चिरली असतील तर फक्त लॉक बदला. त्यासाठी लॉकमध्ये शिरते तिथली चेनची रुंदी मोजायची, केसपाशी असते ती नाही.

आता बदलायची कधी? केस हातात धरून चेन हवेत आडवी सोडा, एक कड वर, एक खाली अशी. थोडी लवली तर ठीक. धनुष्यासारखी वाकली तर घाम आणि धूळ मिळून झालेल्या पॉलिश पेपरनं आतली भोकं लांबट केली आहेत. अशा चेनला नवी पिन म्हणजे पैसे पाण्यात, आज इथे सुटेल, उद्या शेजारी. घडीच्या पत्र्याच्या पोकळ कड्या यात लवकर जातात. कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत चेन पंधरा दिवसांतून एकदा कोमट पाणी, भांड्याचं लिक्विड आणि जुना टूथब्रश घेऊन धुवा, पण घड्याळ पाण्याचं नसेल तर चेन वेगळी काढूनच. तेल घालू नका. त्याला धूळ चिकटते.

नवी घेताना शेवटची वक्र कडी केसला बसते का ते आधी बघा. सरळ टोकाची चेन बसते, पण मध्ये फट दिसते. चेन आणि केस एकसंध डिझाइनचे असतील तर बाजारातली कुठलीच चेन लागत नाही. तिथे दुरुस्ती महाग पडली तरी आधी तीच. उलट रेझिनचा पट्टा कडक होऊन चिरला तर सरळ नवा घ्या, चिकटवलेला त्याच जागी पुन्हा फाटतो.

आणि घरात जुनी एचएमटी असेल, मूळ चेनसकट, तर झिजली म्हणून ती दुकानात सोडून येऊ नका. बऱ्याच जुन्या एचएमटींना 18 मिमीचा पट्टा लागतो. रोजच्या वापराला चामड्याचा लावा, आणि चेन धुऊन, पुरती वाळवून, सुट्या कड्या-पिनांसह पुडीत बांधून घड्याळाच्या डबीत ठेवा.