“क्लाउड जोडा अन् निवांत राहा” या मेसेजमध्ये काय काय चुकलं

आपल्या यवतमाळ-वाशीमकडे वेबसाईट सांभाळणाऱ्या पोरांमध्ये सध्या एक मेसेज लय फिरून राहिला. म्हणणं असं की साईटच्या फाईली ॲमेझॉनच्या एस-थ्रीसारख्या क्लाउडला जोडा, बकेट (क्लाउडवरचा फाईली ठेवायचा डबा) पब्लिक म्हणजे सगळ्यांना खुली करा, सर्व्हरवरच्या फाईली उडवून टाका, साईट सुसाट पळते, बॅकअपची गरज नाही अन् खर्च शून्य. क्लाउड जोडायला माझा बिलकुल विरोध नाही, मी स्वतः जोडून देतो, पण या मेसेजप्रमाणे जसंच्या तसं केलं तर शेतकऱ्यांची कागदं उघड्यावर पडतील म्हणून लिहून राहिलो.

“बकेट पब्लिक केल्याशिवाय फोटो दिसत नाही.” साफ चूक, अन् सगळ्यात घातक. एप्रिल २०२३ पासून एस-थ्रीवर नवीन बकेट बनवली की पब्लिक ॲक्सेस आपोआप बंदच असतो, तो मुद्दाम चालू काहून करायचा? आपल्याकडच्या साईट कोणाच्या असतात ते बघा, शेतकरी उत्पादक कंपनी, पतसंस्था, कृषी केंद्र. सभासद फॉर्म भरतो, त्यात सातबारा, आधार, पासबुकाचा फोटो, अन् वर्डप्रेसचे (साईट बनवायचं सॉफ्टवेअर) बरेच फॉर्म हे सगळं अपलोड्सच्याच फोल्डरात टाकतात, जिथे आमसभेचे अन् कापूस खरेदीचे फोटोही असतात. ते फोल्डर तसंच उचलून पब्लिक बकेटमध्ये गेलं अन् यादी बघायची परवानगीही खुली राहिली, तर ब्राउझरात नुसता बकेटचा पत्ता टाकला की फाईलींची नावं खाली खाली येत जातात, कोणीही उतरवून घ्यावं. ज्याने विश्वासाने कागद दिला त्या माणसाला याचा पत्ताही लागत नाही.

दोन बकेट करा भाऊ. फोटोंची वेगळी, तिच्यासमोर क्लाउडफ्रंट (बकेटमधल्या फाईली लोकांपर्यंत पोचवणारी ॲमेझॉनचीच सेवा) लावा, म्हणजे बकेट बंद राहूनही फोटो दिसतात. कागदपत्रांची पूर्ण बंद, ऑफिसातल्या माणसाला बघायचं असलं तर दहा मिनिटांत मुदत संपणारी लिंक बनवता येते. अन् साईटमध्ये टाकायची ॲक्सेस की, म्हणजे साईटला बकेट उघडायची किल्ली, मेन अकाउंटची नको, फक्त त्या बकेटपुरती परवानगी असलेली वेगळी काढा.

“बॅकअपची गरज नाही.” यामागे ॲमेझॉन एस-थ्रीबद्दल सांगते तो अकरा नऊंचा आकडा आहे, ९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊपणा. आकडा खरा आहे, पण तो डिस्क खराब होण्याबद्दलचा आहे. ऑपरेटरने मीडिया लायब्ररीतून फोटो डिलीट केला की साईटला क्लाउड जोडणारं प्लगिन क्लाउडवरचाही डिलीट करते, तिथे ते अकरा नऊ काही कामाचे नाहीत. व्हर्जनिंग चालू करा, ते आपोआप चालू नसते. मग डिलीट केलेल्या फाईलची जुनी प्रत आत राहते अन् परत आणता येते, फक्त जुन्या प्रती ठराविक दिवसांनी साफ व्हायचा नियम लावा नाही तर साठत जातात. आणि फोटोंचे पत्ते, बातम्या, सभासदांची नोंद हे सगळं डेटाबेसमध्ये असते, ते या जोडणीत क्लाउडवर जातच नाही, त्याचा बॅकअप वेगळाच घ्यावा लागते.

“साईट सुसाट पळते.” मोबाईलवरून टाकलेला ४ एमबीचा फोटो कुठेही ठेवला तरी ४ एमबीच, गावाच्या टोकाला एक काडी रेंज असलेल्या माणसाला तो तितकाच रडवते. आधी फोटो लहान करा, वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये करा. अन् बकेट बनवताना रीजन, म्हणजे फाईली कुठल्या ठिकाणी राहतील ते बघा, जवळचं बरं, मुंबई रीजन २०१६ पासून आहे तरी लोकं व्हर्जिनियाच ठेवून देतात.

खर्चाचं थोडक्यात. ठेवायला स्वस्त आहे, पण फाईल बाहेर गेली की पैसे लागतात. एस-थ्रीवर महिन्याला पहिले १०० जीबी बाहेर जाणं फुकट, म्हणजे ५ एमबीची पीडीएफ २०,००० वेळा उतरली की ते संपले. क्लाउडफ्लेअर या दुसऱ्या कंपनीच्या आर-टूवर (एस-थ्रीसारखीच सेवा) बाहेर जायचे पैसे नाहीत, १० जीबीपर्यंत साठवणही फुकट, लहान साईटला मी तेच सुचवतो. कुठेही जा, बिलाचा अलर्ट लावाच.

राहिलं सर्व्हरवरच्या फाईली उडवणं. जोडल्याबरोबर नका उडवू. जुन्या बातम्यांमध्ये फोटोचा पत्ता बऱ्याचदा जुनाच लिहिलेला असते, प्लगिन तो बदलून दाखवते खरं, पण थीममध्ये हाताने टाकलेले बॅनर, पीडीएफच्या लिंका त्यातून सुटतात. आधी पूर्ण फोल्डर खाली उतरवून ठेवा, मग अपलोड्स फोल्डरचं नाव तात्पुरतं बदला अन् साईटची पानं उघडून बघा, जे फोटो गायब दिसतील ते अजून सर्व्हरवरूनच येऊन राहिले होते, तेवढे आधी दुरुस्त करा.