524 मीटरची लाट म्हणे!

सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड आलाय. 1958 ला अलास्कात 524 मीटरची त्सुनामी आली होती, तशी मुंबईवर येऊ शकते, मरीन ड्राइव्हला आत्ता पाच-पाच मीटरच्या लाटा आहेत ही त्याचीच चाहूल, सरकार लपवतंय, तेव्हा गुरुवारपर्यंत समुद्राकडे फिरकू नका. खाली हात जोडलेले आठ इमोजी.

आधी ते 524. आकडा खराय, पण समुद्रातल्या लाटेचा नाहीच तो. 9 जुलै 1958 ला लिटुया बे नावाच्या चिंचोळ्या खाडीत भूकंपाने डोंगराचा कडा सुटून पाण्यात पडला, साधारण 3 कोटी घनमीटर दगड, आणि ते पाणी समोरच्या डोंगरावर झाडं उपटत जिथपर्यंत चढलं ती खूण 524 मीटरवर आहे. भरल्या बादलीत वीट टाकली की पाणी बाथरूमच्या भिंतीवर उडतं, म्हणून काय बादली भिंतीएवढी होती म्हणायचं? त्याच खाडीत एका मासेमारी बोटीवर एक बाप आणि त्याचा लहान मुलगा होते, बोट लाटेवर चढली, उतरली, दोघंही वाचले.

मरीन ड्राइव्हचं म्हणाल तर महापालिका दर पावसाळ्यात उधाणाच्या भरतीची यादी काढते, हा पाच मीटरचा आकडा त्यातलाच. ती भरतीच्या पाण्याची पातळी, लाटेची उंची नव्हे. आणि किनाऱ्यावरच्या त्या काँक्रीटच्या टेट्रापॉडवर आपटते ती वाऱ्याची लाट, काही सेकंदांत आली नि गेली. त्सुनामी खोल समुद्रात कळतसुद्धा नाही. 2004 ला सुमात्राच्या भूकंपानंतर दोनेक तासांनी उपग्रहाने मोजली तर जेमतेम 60 सेंटिमीटर, पण धावते ताशी 700 किलोमीटरने, आणि किनाऱ्याशी उथळ पाण्यात पुढचं पाणी अडतं, मागचं त्यावर चढतं, मग ते कितीतरी मिनिटं नुसतं आत येतच राहतं.

मग मुंबईला धोकाच नाही का? आहे ना, आलीच होती की. 28 नोव्हेंबर 1945, पाकिस्तान-इराणकडच्या मकरान किनाऱ्याजवळ 8.1 चा भूकंप पहाटे, आणि सकाळी मुंबईत पाणी, साधारण 2 मीटर. तेवढ्यातही माणसं वाहून गेली. फॉरवर्डमध्ये हे नाही, कारण 2 मीटरला कोण घाबरतंय!

राहिलं सरकार लपवतंय ते. हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्रावर नजर ठेवणारी सरकारचीच संस्था, 2007 पासून त्सुनामीचे इशारे देतं, वेबसाइटवर उघड दिसतात, कुणीही बघा. पण तेही भूकंप झाल्यावरच. फॉरवर्डवाले काका, भूकंपाच्या आधी त्यांनाही काही सांगता येत नाही, तुम्हाला गुरुवार कुठून कळला?