बंद म्हणजे नेमके किती बंद?

वेबपानावरच्या फॉर्ममधले एखादे फील्ड (माहिती भरायची चौकट) तात्पुरते बंद ठेवा, ही मागणी इतकी किरकोळ समजली जाते की ती माझ्याकडे नेहमी दारातून बाहेर पडता पडताच केली जाते. 'पत्रव्यवहाराचा पत्ता वरीलप्रमाणेच' या चेकबॉक्सवर टिक केली की खालचे पत्त्याचे फील्ड डिसेबल व्हावे आणि टिक काढली की पुन्हा एनेबल व्हावे, एवढेच काय ते काम. ते बंद एका हुकमात होते. उघडताना मात्र फील्डची मनधरणी करावी लागते.

याचे मूळ डिसेबल्ड या अ‍ॅट्रिब्यूटच्या स्वभावात आहे. अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे फील्डच्या कोडात त्याच्या नावापुढे लिहिलेली खूण. वेबपाने लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेच्या ४.० आवृत्तीबरोबर १९९७ साली आलेले हे अ‍ॅट्रिब्यूट नुसते हजर असले तरी पुरते. त्याच्यापुढे काय लिहिले आहे, याच्याशी त्याला काही कर्तव्य नसते. सेटअ‍ॅट्रिब्यूट ही जावास्क्रिप्टची (पानाला हालचाल देणाऱ्या भाषेची) आज्ञा वापरून त्याला 'फॉल्स', म्हणजे 'खोटे', असे स्वच्छ अक्षरांत लिहून दिले, तरी फील्ड बंदच राहते. मग ते अ‍ॅट्रिब्यूट समूळ काढून टाकावे, नाहीतर सरळ स्क्रिप्टमधल्या डिसेबल्ड या प्रॉपर्टीला (गुणधर्माला) फॉल्स द्यावे, पण तेही अवतरणचिन्हांविना. कारण रिकामी नसलेली कोणतीही स्ट्रिंग, म्हणजे अवतरणातला मजकूर, जावास्क्रिप्टच्या लेखी खरीच असते, मग तिच्यात 'खोटे' असे का लिहिलेले असेना!

एवढे जमले की सर्व्हरकडून तक्रार येते की पत्ता पोहोचलाच नाही. डिसेबल केलेले फील्ड फॉर्मबरोबर पाठवलेच जात नाही, आणि हा नियमच असल्यामुळे भांडायलाही जागा उरत नाही. अशा वेळी कोणीतरी जाणता रीडओन्ली, म्हणजे 'वाचा, पण बदलू नका', सुचवतो. त्यातले मूल्य सर्व्हरपर्यंत जाते खरे, पण चेकबॉक्स आणि ड्रॉपडाउन रीडओन्लीला मुळीच जुमानत नाहीत. शिवाय स्क्रिप्टमध्ये त्यातला 'ओ' कॅपिटल लिहावा लागतो. लहान लिहिला तर जावास्क्रिप्ट त्या नावाची नवीच प्रॉपर्टी निमूटपणे तयार करते आणि चकार शब्द काढत नाही.

ब्राउझरांच्या तऱ्हा आणखी निराळ्या. स्क्रिप्टने फील्ड बंद केले होते, हे फायरफॉक्स पान रिफ्रेश केल्यावरही लक्षात ठेवतो, आणि त्याला ते विसरायला लावण्यासाठी ऑटोकम्प्लीट ऑफ (आपोआप भरणे बंद) लिहावे लागते. इंटरनेट एक्सप्लोररची तऱ्हा मला सर्वांत लोभस वाटते: फील्डसेट, म्हणजे फील्डांचा अख्खा गट, डिसेबल केला की आतली टेक्स्ट फील्डे करडी दिसत आणि तरीही त्यांत खुशाल टाइप करता येत असे.

या सगळ्यांची समजूत काढून झाली, तरी कोणीही हौशी वापरकर्ता ब्राउझरमधली डेव्हलपर टूल्स, म्हणजे पानाचा कोड दाखवणारी खिडकी, उघडून डिसेबल्ड हा एक शब्द खोडू शकतो आणि हवे ते लिहून पाठवू शकतो. त्यामुळे सर्व्हरवर तीच तपासणी पुन्हा लिहावी लागते. ती मात्र सर्व ब्राउझरांत सारखी चालते, कारण तिथे ब्राउझरला कोणी विचारतच नाही.