सिव्हिल लाइन्समधली ‘चुडेल’

सकाळी चहा घेताना कॉलनीच्या ग्रुपवर एक रील आली. ‘नागपूरचा सगळ्यात खतरनाक भूतबंगला, कमजोर दिलवाल्यांनी बघू नये.’ चार-पाच पोट्टे, मोबाइलचा टॉर्च, सिव्हिल लाइन्समधली एक पडकी भिंत, मागे कर्कश संगीत. मग एकदम किंचाळ्या आणि झाडांमधून जाणाऱ्या एका पांढुरक्या आकृतीभोवती लाल गोल. खाली कमेंटच कमेंट. ‘चुडेल हाय बे, सच्ची!’

ती चुडेल नाही हो. तिथल्या चौकीदाराची बायको आहे, भंडाऱ्याकडची. कडेवर लेकरू आहे, नीट बघितलं तर दिसतं. रात्री संडासला निघाली होती बिचारी. या हिरोंनी तिच्या दिशेने दगड मारले, ते मात्र रीलमध्ये कापलं आहे. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंच्या शेजारीच तिची बहीण राहते, त्यांच्याकडून कळलं. तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

बंगल्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर आज रात्री आणखी दहा जण भिंतीवरून उड्या मारतील.

हा बंगला मी आतून पाहिलेला आहे. लहानपणी आजीबरोबर जायचे. आजी उन्हाळ्यात सरगुंडे-कुरड्या करायची, त्यातला एक डबा त्या घरच्या बाईसाहेबांचा. मालगुजाराचं, म्हणजे गावांचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराचं घर. बाईसाहेब ऐन तारुण्यात विधवा झालेल्या, पांढरं लुगडं, एवढ्या मोठ्या वास्तूत मागच्या दोन खोल्यांपुरता संसार. आणि भूत तेव्हाही होतंच बरं का! दूधवाला शपथेवर सांगायचा, रात्री दोन-अडीचला पांढरी बाई कंदील घेऊन अंगणातून जाते, कोपऱ्यात दिसेनाशी होते, थोड्या वेळाने परत येते. आजीने एकदा हसत हसत हे बाईसाहेबांच्याच कानावर घातलं. त्या म्हणाल्या, ‘अवो, मीच ते! साखर आहे न मला, रात्रीतून चारदा उठावं लागतं. संडास तिकडे गोठ्यापलीकडे. कंदील नाही नेला तर विंचवावर पाय पडायचा.’ मग पदर तोंडाला लावून हसल्या. ‘राहू द्या, चोर तरी येत नाहीत.’

हे सगळं आज आठवलं, कारण संडास अजूनही तिथेच आहे. त्याच कोपऱ्यात. भूत बदललं, वाट तीच.

आता त्या रीलमधली ‘हिस्ट्री’ ऐका. म्हणे इंग्रज साहेबाने मडमेला जिन्यावरून ढकललं. म्हणे सुनेने विहिरीत जीव दिला. म्हणे अमावस्येला पियानो वाजतो. अरे बाप्पा, त्या घरात इंग्रज कधी राहिलाच नाही! पियानो नव्हता, पायपेटी होती, तिचाही भाता उंदरांनी कुरतडलेला. विहिरीवर लोखंडी जाळी होती आणि जाळीवर बाईसाहेबांचे पापड वाळत असायचे.

आवाज येतात म्हणतात. येणारच! मे महिन्यात दिवसभर पंचेचाळीस डिग्री भाजलेलं सागवान आणि टिना रात्री गार होताना आवाज करणार नाहीत तर काय करतील? छपरात कांडेचोर, म्हणजे उदमांजरं, नाचतात, कोनाड्यात गव्हाणी घुबड असतं. पांढरं तोंड, आणि ओरडणं असं की माणसाने धोतर सोडून पळावं. या पोट्ट्यांचा अख्खा जन्म एसीत गेला, त्यांना घुबड काय माहीत.

खरं तर असे बंगले ओस का पडले, ही गोष्ट भुतापेक्षा भयंकर आहे, पण तिच्यावर रील होत नाही. १९५१ मध्ये मालगुजारी गेली. ती जायलाच हवी होती, त्याबद्दल मला काडीचं दुःख नाही. पण गावांतून येणारा पैसा थांबला आणि दहा-बारा नोकरांवर चालणारी घरं एका म्हाताऱ्या गड्यावर आली. १९५६ मध्ये मध्य प्रदेशची राजधानी नागपुरातून गेली, निम्मं सचिवालय भोपाळला चालतं झालं, बंगल्यांतली ऊठबस संपली. एकेक खोली कुलूपबंद होत गेली. मग वारसांची भांडणं, कोर्टकचेरी. उच्च न्यायालयाची ती देखणी इमारत १९४० पासून तिथून चालत जाण्याच्या अंतरावर उभी आहे, पण तारखा पडतच राहतात. कुलूप लागलं की भूत आलंच, आणि भूत आलं की भाव पडतो. कोणाच्या फायद्याचं आहे ते तुम्हाला सांगायला नको. एकरभर जागा आहे ती, सिव्हिल लाइन्समध्ये!

बघा न, अधिवेशन संपलं की मुख्यमंत्री-उपमुख्यमंत्र्यांच्या रामगिरी-देवगिरी बंगल्यांवरही शुकशुकाट असतो. तिथे नाही कोणाला मडम दिसत. गेटवर बंदूकवाला पोलीस असला की भुतं शिस्तीत राहतात. आणि खरी हिस्ट्रीच हवी तर ऐका, महाल भागातला भोसल्यांचा राजवाडा १८६४ मध्ये जळाला. त्याआधी, राज्य खालसा झाल्यावर, राजाचे हत्ती-घोडे इंग्रजांनी कवडीमोलाने लिलावात काढले. एवढं सगळं सोसलेल्या घराण्यातल्या राणी बांकाबाईंचं नाव या पोट्ट्यांपैकी एकाला तरी माहीत असेल का? पैज लावते, नाही.

आणि एक सांगा, झोपडपट्टीत कोणाच्या अंगात आलं की आपण नाक मुरडून ‘अंधश्रद्धा’ म्हणतो. सिव्हिल लाइन्समध्ये भूत निघालं की ते हेरिटेज कसं काय होतं?

हो, भुताच्या गोष्टी मलाही आवडतात. उन्हाळ्यात गच्चीवर मुंजाची गोष्ट ऐकल्याशिवाय आम्ही झोपायचो नाही. आणि रीलमुळे का होईना पोरं जुन्या इमारतीकडे मान वर करून बघतात, हेही खरं. बस, एवढंच मान्य.

कारण बाईसाहेबांचं पुढे काय झालं ते आजीने मला खूप नंतर सांगितलं. ‘चोर तरी येत नाहीत’ म्हणून त्या हसल्या खऱ्या, पण नंतर कोणीच येईना. दूधवाला फाटकाबाहेरूनच हाक मारू लागला. भांडीवाली दिवस मावळायच्या आत निघायची. शेवटच्या आजारपणात रात्री उशाशी बसायला बाई मिळेना, दुप्पट पैसे देऊनही नाही. आजी जाऊन बसायची अधूनमधून. सांगायची, रात्री त्यांना धरून न्यायची ती त्याच वाटेने, एका हातात त्यांचा दंड, दुसऱ्या हातात कंदील. रस्त्यावरून कोणी जात असेल तर त्याला त्या रात्री दोन भुतं दिसली असतील.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला होता, तेवढ्यात परत ग्रुप उघडला. कोणीतरी रीलखाली लिहिलंय, ‘पार्ट टू कब?’ आपल्या कॉलनीतल्या शिकल्यासवरल्या माणसाने!

त्या पोट्ट्यांपैकी एकाची आई माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहे. वहिनी, वाचत असाल तर आधी ती रील काढायला लावा. मग पोराला दिवसाउजेडी, पुढच्या फाटकाने, त्या चौकीदाराकडे घेऊन जा आणि माफी मागायला लावा. मी येते सोबत, संध्याकाळी फोन करा. बंगल्याच्या वारसांपैकी कोणी ओळखीचं असेल तर त्यांना एवढंच कळवा की कोर्टाचा निकाल लागायचा तेव्हा लागेल, तोवर त्या कुटुंबाला घराला लागून संडास बांधून द्या. आणि कृपा करून खाली ‘आमच्याकडेही असा एक बंगला आहे’ म्हणून पत्ता लिहू नका. लिहिलात तर कमेंट डिलीट करीन.